वेदनेचा पहारेकरी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त म्हैसूर येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या म्हैसूरला विजेचे कौतुक जुने आहे. जवळच्या शिवनसमुद्राची वीज १९०२ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत पोहोचली, आणि दसऱ्यात राजवाडा कसा उजळतो ते आपण दरवर्षी पाहतो. आज मी बोलणार आहे ते तळहातावर मावणाऱ्या यंत्रातील क्षीण विजेविषयी. कारण या सभागृहातही कित्येकांना पाठीच्या वा गुडघ्याच्या दुखण्यामुळे बसणे जड जात असेल.

वेदना हा देहाचा पहारेकरी आहे. तो नसला तर काय होते, हे वरोऱ्याजवळच्या आनंदवनातील कुष्ठरुग्णांना विचारावे. बधिर हाताला चटका कळत नाही, जखम चिघळते आणि बोटे जातात. त्याच आनंदवनाचे संस्थापक बाबा आमटे यांच्या वाट्याला मात्र उलट भोग आला. कण्याच्या विकाराने त्यांना बसणे अशक्य झाले. तरीही १९८५ साली, सत्तरी ओलांडल्यावर, ते ‘भारत जोडो’ यात्रेसाठी कन्याकुमारीहून निघाले.

चोर निघून गेल्यावरही पहारेकरी महिनोन्‌महिने ओरडत राहतो, तेव्हा वेदनाच व्याधी बनते. मूल पडले की आई गुडघा चोळते आणि रडे थांबते. यामागचे शास्त्र रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडले. मज्जारज्जूत जणू एक दार आहे. स्पर्शाचे संदेश तेथे पोहोचले, की वेदनेच्या संदेशांसाठी ते काहीसे मिटते. १९६७ साली वॉल व विल्यम स्वीट यांनी काही रुग्णांच्या चेतातंतूंना सौम्य विद्युत्प्रवाह दिला, तेव्हा त्यांच्या वेदना काही काळ शमल्या. यातूनच पुढे ‘टेन्स’ ही उपचारपद्धती रूढ झाली. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राच्या चिकटपट्ट्या दुखऱ्या भागाजवळ लावतात. त्वचेला झिणझिण्या जाणवतात, पण चटका बसत नाही.

याने दुखणे बरे होते काय? प्रामाणिक उत्तर, नाही. यंत्र चालू असताना आणि त्यानंतर थोडा वेळ अनेकांना आराम पडतो, काहींना मुळीच पडत नाही. ब्रिटनच्या २०१६ च्या वैद्यकीय मार्गदर्शिकेने तर कंबरदुखीसाठी ते देऊ नये असेच म्हटले आहे. म्हणून ‘गुडघेदुखी कायमची घालवा’ अशा जाहिरातींना भुलू नये. मिळालेल्या आरामाच्या वेळात चालावे, व्यायाम करावा. खरा लाभ तोच.

आधी निदान, मग यंत्र, हा क्रम चुकवू नये. हृदयात पेसमेकर असल्यास विशेषज्ञाला विचारल्यावाचून ते लावू नये. गळ्याच्या पुढच्या बाजूस, जखमेवर, गर्भवतीच्या पोटावर पट्ट्या लावू नयेत. मधुमेहाने बधिर झालेल्या पायांवरही नको. तेथे पहारेकरीच झोपलेला असतो.

शेवटी एक विनंती. गाव सोडून मुलाकडे राहायला आलेली आई ‘सूनबाईला त्रास नको’ म्हणून दुखणे लपवते. तपासणीत काही दिसले नाही, की घरचेही ‘वयाचे आहे’ म्हणून मोकळे होतात. बाबांचे धैर्य वंदनीय खरे, परंतु तेवढे धैर्य प्रत्येक वृद्धाकडून मागणे हा अन्याय होय. यंत्र आणण्यापूर्वी तिच्याजवळ बसा, ‘कुठे दुखते, आई?’ असे विचारा, आणि ती सांगेल त्यावर विश्वास ठेवा.