क्रीडांगणावरील भूमिती



परिमिती आणि क्षेत्रफळ या दोन संज्ञांची गल्लत प्राथमिक शाळेतील मुलांकडून वारंवार होते. सूत्रे मुखोद्गत असतात. परंतु कोणते सूत्र कोठे योजावे, हे फळ्यापेक्षा क्रीडांगण आखताना अधिक चांगले उमगते.

पुरुषांच्या कबड्डीचे क्रीडांगण १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. चुन्याची फक्की टाकीत मुले चारही कडा फिरली, की ४६ मीटर भरतात, ही परिमिती. आतील माती सारखी करावयाची झाल्यास ती १३० चौरस मीटर, हे क्षेत्रफळ. त्याच ४६ मीटर दोरीने २० मीटर लांब व ३ मीटर रुंद पट्टा आखला, तर आत अवघे ६० चौरस मीटर राहतात. दोरी तीच, जागा मात्र निम्म्याहूनही कमी! कोपरा काटकोनी आहे की नाही, हे ३, ४ व ५ मीटरांच्या दोरीने पडताळता येते. भुज, कोटी आणि कर्ण यांचा हा संबंध भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’तही आहे.

आदिलाबाद जिल्ह्यातील भीमपूरसारख्या कापूस पिकविणाऱ्या मुलखात हा केवळ खेळ नव्हे. कुंपणाचा खर्च परिमितीवर ठरतो, तर बियाणे क्षेत्रफळावर. ३३ फूट लांबी-रुंदीचा एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर, हे ज्याने स्वतः दोरी धरून जाणले, त्याला केवळ बांधाची लांबी दाखवून जमिनीच्या सौद्यात कोणी सहज फसवू शकणार नाही. घरी मराठी, तेलुगू वा गोंडी बोलणाऱ्या मुलांना हा धडा एकाच मैदानावर, एकाच दोरीने देता येतो.