कोल्हापुरी आपल्या नावानं परदेशी जावी



जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या बड्या कंपनीच्या फॅशन शोमध्ये थेट कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या. कोल्हापूरचा उल्लेख मात्र कुठेच नव्हता. इकडून आवाज उठला, तेव्हा भारतीय कारागिरीतून प्रेरणा घेतल्याचं कंपनीनं मान्य केलं. यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. आपल्या चपलेला परदेशात गिऱ्हाईक आहे. मग तिथं ती आपल्याच कारागिरानं, आपल्याच नावानं का विकू नये?

त्यासाठी आता मिलानला दुकान थाटावं लागत नाही; ऑनलाइन विक्री करता येते. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर ५०० रुपये भरून आयात-निर्यात कोड घरबसल्या काढता येतो. टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रं आहेत. पार्सलचे कस्टमचे कागद तिथं ऑनलाइन भरता येतात. शिवाय २०१९ पासून कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांतल्या कारागिरांचा त्या नावावर हक्क आहे. आपण अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी आणि विक्रीच्या पानावर ते ठळक लिहावं.

खरी कसोटी पुढं आहे. दुकानात गिऱ्हाईक चपला पायात घालून चार पावलं चालून बघतं. परदेशातल्या गिऱ्हाइकाला ती सोय नाही, आणि माप चुकलं तर परतीचा खर्च चपलेच्या किमतीएवढा होऊ शकतो. म्हणून नुसता सात-आठ नंबर न सांगता पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये मागवा. तळ, वेणी, वादीची शिवण यांचे जवळून फोटो द्या. कातडं सुरुवातीला कडक लागतं, वापरानं मऊ होतं, पाण्यात भिजवू नये, हे आधीच सांगा.

आयातशुल्क कोण भरणार, तेही स्पष्ट लिहा. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला मिळणारी शुल्कमाफी ऑगस्ट २०२५ अखेर बंद झाली. दारात अचानक शुल्क मागितलं, तर गिऱ्हाईक पार्सल परत पाठवतं.

सुरुवात एकाच देशापासून आणि दोन-तीन नमुन्यांपासून करा. त्या देशाचे नियम नीट कळले की पुढचा देश घ्या. कारागिरांच्या घरातल्या शिकलेल्या मुलामुलींना माझी कळकळीची विनंती आहे. फोटो, पत्रव्यवहार आणि हिशेब तुम्ही हाती घ्या. आई-वडिलांच्या कामाला जगाच्या बाजारात नाव आणि रास्त दाम मिळवून देणं आज तुमच्या आवाक्यात आहे.