कूपन नको, मूठभर ज्वारी द्या
(वेळापूर येथील बैठकीतील भाषण)



शाळेचे पत्रे बदलायचे असले, पाण्याची टाकी बसवायची असली, की पोरांच्या हातात विकायला काहीतरी दिले जाते. कधी सोडतीची कूपने, कधी डायऱ्या. पोर दारोदार फिरते. शेवटी बापच उरलेली कूपने घेतो. ज्या बापाच्या खिशात पैसा नाही, त्याचे पोर दुसऱ्या दिवशी शाळेचे तोंड चुकवते.

हिशेब मांडून बघा. २०० पालकांनी ५० रुपयांची एकेक डायरी घेतली असे धरा. जमले १०,००० रुपये. डायरी शाळेला ४० रुपयांना पडली असेल, तर ८,००० रुपये शहरातल्या व्यापाऱ्याकडे गेले. शाळेला राहिले २,०००. कापसाचे होते तेच इथे झाले. घाम गावाचा, मलई शहराची.

मग पैसा उभा कसा करायचा? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव दिले गेले. त्या मुलांना खायला घालायला सरकारी तिजोरी नव्हती. लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने मोडले. घराघरातून मुष्टिफंड निघाला. बाया धान्यातली एक मूठ बाजूला ठेवत, ती वसतिगृहाला जाई. मुलेही अंगमेहनत करून शिकत. ‘कमवा आणि शिका’ याचे मूळ तिथे आहे.

हे आपल्याला नवे नाही. माउलींची पालखी वेळापुरात मुक्कामाला येते, तेव्हा घरोघरी भाकरी थापल्या जातात. त्यासाठी कुणी कूपने छापत नाही.

म्हणून माझी सूचना अशी. रब्बीची रास झाली की २०० घरांनी पाच-पाच किलो ज्वारी काढावी. दहा क्विंटल होते. ती एकत्र विकली तर मधला वाटेकरी नाही, सगळी रक्कम शाळेची. पण तीन गोष्टी पाळा. पहिली, ज्वारी पालकांनी गोळा करावी, पोरांनी नव्हे. दुसरी, कुणी किती दिले ते लिहू नका. ज्याच्या रानात पिकले नाही त्याने एक दिवस भिंतीला हात लावावा, तेही तेवढेच मोलाचे. तिसरी, एकूण जमा आणि खर्च शाळेच्या फळ्यावर लिहा आणि शाळा व्यवस्थापन समितीत वाचा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने त्या समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, आणि समितीत निम्म्या बाया हव्यात. मायबहिणींनो, तिथे नुसती सही करून उठू नका, हिशेब विचारा.

आणि एक बजावतो. प्रवेशासाठी देणगी मागणे याच कायद्याने गुन्हा आहे, घेतलेल्या रकमेच्या दहा पटीपर्यंत दंड आहे. आपली मूठ राजीखुशीची आहे. ती दिली म्हणून सरकार सुटले असे नाही. खोल्या आणि शिक्षक देणे सरकारचे काम आहे, ते भांडून घ्यायचे. आणि ज्वारी-कापसाला घामाचा भाव मिळाला, तर शाळेसाठी कुणापुढे हात पसरायची वेळच येणार नाही.

या राशीपासून सुरुवात करू या.