मागच्या अंगणातलं घर



मुलाचं लग्न ठरलं की अब्बा मागे एखादी खोली काढायचं म्हणतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातही लोकांना हेच हवं होतं. मात्र तिथे कायदा आड येत होता.

१९१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लुईव्हिल शहराचा एक नियम रद्द केला. गोऱ्यांची वस्ती जास्त असलेल्या गल्लीत काळ्या माणसाने राहायला जायचं नाही, असा तो उघड नियम होता. पण त्याआधीच, १९१६ मध्ये, बर्कले शहराने वेगळा नियम केला होता: काही भागांत एका भूखंडावर एकाच कुटुंबाचं घर. यात कुणाचंच नाव नाही! ज्याला अख्खं घर परवडत नाही, तो आपोआप बाहेर. १९२६ मध्ये युक्लिड गावाच्या खटल्यात न्यायालयाने अशा विभागणीला मान्यता दिली. निकालात अपार्टमेंटला चक्क बांडगूळ म्हटलं आहे.

मी पुण्यात भाड्याचं घर शोधत होतो, तेव्हा एका मालकाने माझं नाव ऐकल्यावर सांगितलं, ‘आम्ही फक्त शाकाहारी कुटुंबाला देतो.’ त्यातही धर्माचं नाव नव्हतं. म्हणून मला हा इतिहास जवळचा वाटतो.

२००३ पासून कॅलिफोर्नियात अशा जोडघराच्या अर्जावर शेजाऱ्यांची सुनावणी घेणं बंद झालं. आधी शेजारी जमायचे, ‘आमच्या वस्तीचं रूप बिघडेल’ म्हणायचे आणि अर्ज बारगळायचा. मग शहरांनी पार्किंग आणि भूखंडाचं किमान क्षेत्रफळ पुढे केलं. २०१६ ते २०१९ दरम्यान राज्याने त्या अटीही मोडीत काढल्या किंवा सैल केल्या. २०२० पासून भूखंड लहान आहे म्हणून नकार देता येत नाही. बाजूने आणि मागे चार फूट सोडले, तर ८०० चौरस फुटांपर्यंतचं घर अडवता येत नाही. बस-रेल्वे अर्ध्या मैलात असेल, तर पार्किंग मागायचं नाही. पूर्ण अर्जावर ६० दिवसांत निर्णय नाही दिला, तर मंजुरी मिळाली असंच धरलं जातं. मला हे शेवटचं कलम सर्वांत आवडतं. फाईल दाबून ठेवण्यात साहेबाचा काही फायदाच उरत नाही.

अर्थात, जमीन ज्याची आहे त्यालाच हे बांधता येतं, आणि खर्च मोठा आहे. भाडेकरूच्या हाती थेट काही पडत नाही. पण गल्लीत भाड्याची चार घरं वाढतात.

सोसायटीच्या एनओसीवर बोलायचंय ना? विचारा.