उतारवय आणि स्वस्तातले मेंडोलिन

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्हाला म्हातारपणावर बोलायला सांगितले आहे. औषध, पथ्य, पेन्शन यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही मेंडोलिनवर बोलणार आहोत.

आम्ही चौघे. कोणी एस.टी.तून निवृत्त, कोणी शाळेतून, एकाचे आयुष्य गिरणीत गेलेले. चौघांत मिळून एक मेंडोलिन घेतले, तेही दुकानातले सगळ्यांत स्वस्त. घरचे हसले, "म्हतारपनमा हाई काय शे?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर देतो. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब धुळ्याला आले, लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. त्या आठवणीची यात्रा तिथे दरवर्षी भरते. तिथल्या गायनपार्ट्या ऐकूनच आमचा कान तयार झाला. पण हात तयार झाला नाही. वस्तीत डफ होता, तुणतुणे होते. सतार-व्हायोलिन शिकायचे तर फी लागे, आणि शिकवणाऱ्याचा उंबरठा आपल्यासाठी उघडा असेलच असे नव्हते. पुढे संसार आला. तेव्हा हाताला मिळाला नाही तो सूर आता मागायला हरकत कसली?

खुद्द बाबासाहेब एवढ्या व्यापात, प्रौढ वयात व्हायोलिन शिकले. ते व्हायोलिन पुण्यात सिम्बायोसिसच्या संग्रहालयात जपून ठेवले आहे. मेंडोलिनच्या तारा व्हायोलिनच्याच सुरांत लावतात. फक्त इथे त्या जोडीने असतात, चार जोड्या, आठ तारा. व्हायोलिनवर सुराची जागा बोटाने शोधावी लागते, इथे पडदे असतात. उशिरा बसणाऱ्याला तो मोठाच आधार. सूर लवकर विरतो, म्हणून नखी भराभर खाली-वर चालवायची. या वाद्यावर रागदारीही वाजते, हे संगीतकार सज्जाद हुसेन (निधन १९९५) यांनी दाखवून दिले.

स्वस्त वाद्यात तारा पडद्यांपासून उंच असतात, बोटे सोलतात. घोडी जराशी घासून खाली आणली की त्रास कमी होतो. बाराव्या पडद्यावर मोकळ्या तारेचाच सूर वरच्या सप्तकात मिळाला पाहिजे. नाही मिळाला तर घोडी किंचित पुढे-मागे सरकवावी. याला पैसा लागत नाही, कान लागतो. आणि तो आपल्यापाशी आहेच.

तथागतांनी सोण भिक्खूला वीणेचा दाखला दिला. तार फार ताणली तरी वीणा नीट वाजत नाही, सैल सोडली तरी नाही. हा दाखला आम्हाला पाठ होता. खुंटी पिळताना तो बोटांना कळला. म्हणून रोज वीस मिनिटे, जास्त नाही, आणि खाडाही नाही.

आमचे गिरणीतले मित्र पत्नी गेल्यावर वर्षभर कुणाशी धड बोलत नव्हते. आता त्यांची पाळी आली की मेंडोलिन न्यायला सांजच्याला स्वतः येतात. गाणे अजून पुरते बसलेले नाही. दोन ओळी बसल्या की नातवाला हाक मारून ऐकवतात.

आम्हाला मैफल गाजवायची नाही, कुणाच्या पुढे जायचे नाही. नोकरीत साहेबाची शाबासकी लागत होती. इथे सूर लागला की तेवढ्यावर भागते. हे समाधान वाद्याच्या किमतीवर ठरत नाही.

विहारात संध्याकाळी जागा मोकळी असते. ज्येष्ठांनी यावे, आयाबहिणींनीही यावे. वाद्य एक आहे, पाळी लावून घेऊ.

जय भीम! नमो बुद्धाय!