मोहाखालची पहाट

युरोपात आल्प्सच्या उतारावर काही छोटे बागायतदार रासायनिक फवारणीशिवाय द्राक्षं पिकवतात. गाईच्या शिंगात शेण भरून ते जमिनीत पुरतात आणि त्याचं खत करतात. विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांनी १९२४ साली व्याख्यानांतून मांडलेली ही जैवगतिक शेती. अशा काही बागांच्या वाइनला मान आहे.

आपल्या किनवट तालुक्यात, इस्लापूरच्या आसपासच्या रानात, मोहाच्या झाडाला तर ना खत लागतं ना फवारणी. उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं झडतात आणि फुलं येतात. रात्री वटवाघळं येऊन परागीभवन करतात, पहाटे रसाळ पाकळ्या टपटप खाली पडतात. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग साखरच असतो. म्हणून ती भिजवली की आंबतात. पुढे त्यांचीच दारू गाळतात. पण मोह म्हणजे नुसती दारू, हा समज खोटा आणि अन्यायाचा आहे. फुलांचे लाडू होतात, बियांचं तेल निघतं, टंचाईत याच झाडानं घरं जगवली.

तरीही मुंबई इलाख्यात इंग्रजांनी १८९२ साली मोहफुलांवर कायद्याचा पहारा बसवला. महाराष्ट्र शासनानं फुलं गोळा करण्यावरचे निर्बंध उठवले ते २०२१मध्ये.

एक कळकळीची विनंती. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवू नका. वणवा लागतो, रोपं जळतात. झाडाखाली जाळी बांधा. फुलं स्वच्छ मिळतील, भावही चांगला येईल.