पुण्याची बातमी, आपली गोष्ट

 मी तुमची सहयोगिनी. महिला दिनाचा आठवडा आहे, पण आज भाषण नाही. २०२५ साल लागल्यापासून पुण्यातून आलेल्या तीन बातम्या सांगते. सासवडहून एसटी धरली की आपण स्वारगेटला उतरतो. मग पुण्याची बातमी परकी कशी?

पहिली बातमी पाण्याची. जानेवारीत सिंहगड रस्त्याकडच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएस या आजाराचे रुग्ण वाढले. यात हातापायातली ताकद जाते, काहींना श्वासासाठी यंत्र लावावं लागतं. काही जण दगावले. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पण काही रुग्णांच्या तपासणीत दूषित अन्नपाण्यातून पोटात जाणारे जंतू सापडले. आता आपल्याकडे विहिरी तळाला जातील, टँकर येतील. पाणी उकळूनच प्या. जुलाबानंतर हातापायाला मुंग्या आल्या, चालताना पाय लटपटले, तर अंगारा लावत बसू नका. लगेच दवाखाना गाठा.

दुसरी बातमी एसटीची. २५ जानेवारीपासून भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. बायकांचं अर्धं तिकीट १७ मार्च २०२३ पासून आहे, ते चालूच आहे. पण १०० रुपयांचं तिकीट ११५ झालं की आपलं अर्धंही वाढतं. पापड, मसाले विकायला नेणाऱ्यांनी भाव लावताना हा खर्च धरावा.

तिसरी बातमी सांगताना जीभ जड होते. २५ फेब्रुवारीला पहाटे स्वारगेट स्थानकात फलटणच्या गाडीची वाट बघणाऱ्या एका तरुणीला एकानं फसवून उभ्या असलेल्या बसमध्ये नेलं आणि तिच्यावर अत्याचार केला. तिनं तक्रार दिली. तीन दिवसांत आरोपी शिरूर तालुक्यातल्या गुनाट गावात पकडला गेला.

त्यानंतर आमच्या गटातल्या एका ताईला सासूबाई म्हणाल्या, "आता पुण्याला जायचं नाही." तिच्या मसाल्याची ऑर्डर तयार होती. बैठकीत सगळ्या गप्प. मग आमच्यातल्या वयानं मोठ्या आक्का बोलल्या, "गुन्हा त्यानं केला, अंधारात गाडी उघडी दुसऱ्यानं ठेवली, आणि घरी बसायचं आपण?"

मैत्रिणींनो, सासूबाईंची काळजी खरी आहे. म्हणून आम्ही ठरवलं : माल न्यायला दोघी-दोघींनी जायचं. गाडीची चौकशी खिडकीवरच करायची. ११२ नंबर सगळ्यांनी पाठ करायचा. आणि आपल्या आगाराला गटाच्या लेटरहेडवर अर्ज द्यायचा, की स्थानकात दिवे लावा, उभ्या गाड्यांची दारं बंद ठेवा. अर्जाची पोच घ्यायला विसरायचं नाही.

परवा ती ताई गेली. सोबत कोण गेलं, सांगू? सासूबाईच! येताना दोघी पुढची ऑर्डर घेऊन आल्या.

तुमच्या गटातही या बातम्या वाचा, बोला, आणि अर्ज लिहा.